आठ नंबर, आतून

३ मार्च

बाबा,

झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. २६ फेब्रुवारीला सकाळी आपल्या गल्लीतल्या आठ आणि नऊ नंबरच्या घरांमधली सामाईक भिंत पडली.

२. नऊ नंबरच्या छापखानेवाल्याला नव्या यंत्रासाठी मधला खांब काढून त्या जागी लोखंडी तुळई टाकायची होती. परवानगी रीतसर घेतलेली होती.

३. तुळईचं एक टोक या भिंतीत खाच पाडून बसवलं होतं. टेकू काढल्यावर थोड्या वेळात खाचेखालची भिंत चुरडली आणि वरची आठ नंबरच्या बाजूला कोसळली.

४. दोन माणसं गेली. एक, परांचीवर उभा असलेला गवंडी. दुसरे, काका. ते आठ नंबरच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत बसले होते.

५. काम करणाऱ्या मिस्त्रीला पोलिसांनी त्याच दिवशी ताब्यात घेतलं. गेलेला गवंडी त्याच्या बहिणीचा नवरा.

६. काकांची ओळख मी पटवली. अंत्यविधी २८ तारखेला झाला. तुम्हाला दोनदा फोन केला होता आणि निरोपही ठेवला होता.

७. दर्शनी भिंत उभी आहे.

सातवा मुद्दा तुम्ही सगळ्यात आधी विचाराल म्हणून लिहिला.

चार वर्षांनी पत्र लिहिते आहे. ‘तीर्थरूप’ने सुरुवात करायला हात उचलला नाही, आणि फोनवर तुम्ही बोलत राहता, मी गप्प बसते. म्हणून हे ईमेलनं पाठवते आहे. कुणाकडून तरी छापून घ्या. पडद्यावर वाचलंत की तुम्ही मधल्या ओळी सोडता.

भिंत पडली तेव्हा मी ऑफिसात होते. धोकादायक बांधकामांना टेकू देणं हे माझं काम आहे, हे तुम्हाला आईनं सांगितलं असेल. आमची गाडी सगळ्यात आधी पोचली. उरलेल्या घरांना टेकू लावून झाल्यावर मी साहेबांना सांगितलं, की मेलेल्यांपैकी एक माझे सख्खे काका आहेत आणि या गल्लीची मोजणी माझ्या वडिलांनी केलेली आहे. साहेबांनी मला या कामातून काढलं. बरोबरच केलं. आता चौकशी समितीपुढे मी फक्त साक्षीदार आहे.

एक गोष्ट मात्र मला समितीच्या आधी तुम्हाला विचारायची आहे.

ही घरांची ओळ कशी बांधली आहे हे मला तुम्हीच शिकवलंत. इथल्या घराला स्वतःच्या चार भिंती नाहीत. दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्याबरोबर वाटून घेतलेल्या. घरं जोड्यांनी बांधली. सात आणि आठ ही एक जोडी, एकाला आरसा दाखवला की दुसरं. जोडीतल्या दोन घरांच्या चुली पाठीला पाठ लावून, त्यामुळे धूर वर नेणाऱ्या पोकळ्या सगळ्या जोडीच्या मधल्या भिंतीत. दोन जोड्यांमधली भिंत भरीव. म्हणजे सात-आठमधली भिंत पोकळ आणि आठ-नऊमधली भरीव. तुमच्या मोजणीच्या आठ नंबरच्या पानावर तसंच दाखवलं आहे. इंजिनिअरनं ते पान बघून तुळईची जागा ठरवली, जुन्या इमारती जपणाऱ्या वारसा कार्यालयानं ते पान बघून शिक्का मारला आणि मिस्त्रीनं ते पान बघून खाच पाडली.

आठ-नऊमधली भिंत भरीव नव्हती. खाच नेमकी दोन पोकळ्यांच्या तोंडावर आली.

प्रश्न असा, की मोजणीच्या वेळी तुम्ही आठ नंबरच्या आत गेला होतात का?


९ मार्च

बाबा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “वरच्या नक्षीच्या पट्टीला तडा वगैरे?” मी म्हणाले, नाही. तुम्ही म्हणालात, “नशीब.” नंतर तुम्ही म्हणालात, “मागच्याच खोलीत बसायचा का अजून? तीन नंबरात असताना बसायचा तसा?”

हो, मागच्याच खोलीत. उजेड पाठीवरून यावा लागतो म्हणायचे.

माझ्या प्रश्नाला तुम्ही “बघून सांगतो” म्हणालात. काय बघणार ते मला कळलं नाही. एखाद्या घरात आपण गेलो होतो की नाही, हे कुठे बघून कळतं?

तुमची अडचण नको म्हणून मला जे माहीत आहे ते मीच लिहिते. चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

मोजणीच्या वर्षी मी दहा वर्षांची होते. टेपचं दुसरं टोक मी धरायचे. गल्लीतल्या प्रत्येक घरात गेले. सहा नंबरच्या बाई माझ्या हातावर गोळी ठेवायच्या, अकरा नंबरातल्या कुत्र्यानं तुमच्या विजारीचा पाय फाडला होता. आठ नंबरात मी टेप धरलेला नाही. तेव्हा काका तिथे राहायला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याआधी ते आपल्याबरोबर तीन नंबरात होते, खाली दुकान होतं, आणि त्यांनी दुकानाची खिडकी रुंद केली. तुम्ही वारसा कार्यालयात तक्रार दिलीत. सख्ख्या भावाविरुद्ध, लेखी. खिडकी पुन्हा विटांनी बुजवायचा हुकूम आला. ती बुजवली त्याच आठवड्यात काका सामान घेऊन आठ नंबरात गेले आणि जाताना म्हणाले, “याचा पाय माझ्या उंबऱ्याला लागता कामा नये.” हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी जिन्यात होते.

आणखी एक. आठ नंबरचं पान तुम्ही घरी, जेवणाच्या टेबलावर काढलंत. आई समोर भाजी निवडत होती. म्हणाली, “एकदा जाऊन या ना. चार दारं तर आहेत मध्ये.” तुम्ही म्हणालात, “त्याच्या दारात मी उभा राहू? टेप घेऊन?” मग सात नंबरचा ट्रेसिंग पेपर उलटा करून ठेवलात आणि त्यावरून गिरवायला लागलात. मी विचारलं, “बाबा, उलटा का?” तुम्ही म्हणालात, “जोडीची घरं असतात गं. एकाचं उलटं म्हणजे दुसरं.” मला ते फार भारी वाटलं होतं. शाळेत जाऊन सांगितलं होतं मी.

दहा वर्षांच्या मुलीची आठवण समिती धरणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून कार्यालयात जाऊन मूळ पानं बघितली. सात नंबरच्या जिन्याची एक पायरी कोपऱ्याला फुटलेली आहे. तुम्ही ती फुटलेली काढली आहे, कारण तुम्ही तसेच आहात, दिसेल ते काढायचं. आठ नंबरच्या पानावर तीच पायरी, तोच कोपरा, तसाच फुटलेला, फक्त डावीकडचा उजवीकडे गेलेला. दोन घरांतल्या पायऱ्या एकाच जागी एकसारख्या फुटत नाहीत. फूट गिरवली गेली.

आणि आठ नंबरचा जिना त्या बाजूला नाहीच. तो दुसऱ्या बाजूला आहे, हे मला नीट माहीत आहे. माझा चष्मा काकाच करायचे. नंबर त्यांना पाठ होता. रविवारी जायचे मी. तुम्हाला सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतंत.

आगीबद्दल तुम्हीच तुमच्या पुस्तकात लिहिलं आहे. शंभर वर्षांपूर्वी आठ नंबर आतून जळून गेलं आणि मागाहून पुन्हा बांधलं गेलं. तुमचं वाक्य असं आहे: “नवं काम इतकं तंतोतंत, की जुनं आणि नवं वेगळं ओळखू येत नाही.” बाहेरून येत नाही. आत गेल्यावर लगेच येतं. आगीत सातकडची भिंत भाजली होती, म्हणून नव्या गवंड्यांनी चुली तिच्यापासून काढून नऊकडच्या भिंतीला लावल्या आणि जिना सातकडे घेतला. पुढे चुली बुजवल्या, छपरावरची धुराडी काढली, आणि आतल्या पोकळ्या सगळे विसरले.

पडलेल्या भिंतीचा जो तुकडा उभा आहे त्यातल्या एका पोकळीत मी हात घातला. काजळी अजून सुटते.


१७ मार्च

बाबा,

तुमचं पत्र आलं नाही. तोवर इकडचं लिहिते, कारण हे तुम्हाला माहीत असायला हवं.

मिस्त्रीला भेटले. वकिलानं भेट मिळवून दिली. माणूस पन्नाशीचा, बोलायला तिखट. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, “तुम्ही नकाशेवाल्यांची मुलगी ना? या. बसा म्हटलं असतं, पण खुर्ची सरकारची आहे.”

त्याच्यावर दोन आरोप आहेत. खाच नकाशात दाखवलेल्या जागेपेक्षा वेगळीकडे पाडली, हा एक. टेकू ठरलेल्या दिवसाआधी काढले, हा दुसरा. पहिला खोटा आहे. खाचेचा खालचा भाग अजून भिंतीत दिसतो आणि जागा बरोबर आहे. दुसरा खरा आहे. त्यानं टेकू एक दिवस आधी काढले. मी विचारलं, का?

“छापखानेवाला रोज येऊन डोकं खायचा. यंत्र रस्त्यात उभं आहे, यंत्र रस्त्यात उभं आहे. म्हटलं काढ एकदाचे.”

“काढायला नको होते.”

“नको होते,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी काढले असते तर काय झालं असतं, ताई?”

मी आकडेमोड करूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी काढले असते तर भिंत दुसऱ्या दिवशी पडली असती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे दाजी एक दिवस जास्त जगला असता.”

त्यानं सांगितलं, की खाच पाडायच्या आधी त्यानं वारसा कार्यालयाच्या साहेबांना विचारलं होतं, एक बारीक भोक पाडून भिंत आतून बघू का? संशय काही नव्हता त्याला. सवय म्हणून विचारलं, जुन्या घरात सगळेच विचारतात. साहेब म्हणाले, “संरक्षित भिंत आहे. भोक पाडायचं नाही. मोजणी आहे ना, ती बघ.” हा नियम या गल्लीपुरता आहे. तुमच्याच शिफारशीवरून केलेला. तपासणीच्या नावाखाली लोक भिंती फोडतात, असं तुम्ही तेव्हा लिहिलं होतं. खरंही होतं ते. साहेब माझ्याशी बोलताना त्याच नियमावर बोट ठेवून बसले होते. “आम्ही कागदाबाहेर गेलोच नाही, मॅडम.”

त्या कार्यालयातला एकही माणूस वीस वर्षांत आठ नंबरच्या जिन्यापर्यंत गेला नाही. पुढे दुकान, दुकानात चष्मे, काउंटरवरून मान वळवली की आरसे. मागे काय आहे ते कागदावर होतं, मग उठायचं कशाला?

काल मिस्त्रीची बहीण माझ्याकडे आली. तीन नंबरात, घरी. दार उघडलं तर हातात पिशवी धरून उभी. आत ये म्हटलं तरी येईना. वयानं माझ्याहून थोडीच मोठी असेल.

“तुम्ही भिंतींचं शिकलात ना?”

“हो.”

“मग मला एक सांगा. माझ्या भावानं माझ्या माणसाला मारलं का?”

मी म्हणाले, चौकशी चालू आहे.

“ते पोलीस पण म्हणतात. तुम्ही तुमचं सांगा.” मग पिशवी थोडी वर केली. “आई रोज डबा करून देते, जा, भावाला देऊन ये. मी पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि तिथेच बसते. दोन दिवस तसाच परत आणला. आईला म्हटलं, खाल्ला त्यानं. सासरचे म्हणतात, त्याला डबा दिलास तर पुन्हा या घरात यायचं नाही. मला सासरचं काही नाही हो. मला फक्त कळू दे. त्यानं केलं असेल तर मी त्याचं तोंड बघणार नाही. नसेल केलं, तर तो तिथे उपाशी बसलाय आणि मी कोपऱ्यावर बसलेय.”

मला जे माहीत आहे ते मी तिला सांगितलं. भिंतीबद्दल सगळं सांगितलं, टेकूचंही सांगितलं. ती नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, “हे तुम्ही म्हणता. कागद काय म्हणतो?”

मी म्हणाले, कागद अजून तुझ्या भावाच्या विरुद्ध आहे.

“कागद कुणी केला?”

मी सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागे घरात बघितलं, तुम्ही आत कुठे बसलेले असाल असं वाटून की काय. आणि पिशवी सावरून गेली.

आज दुकानातल्या मावशीही भेटल्या. काकांच्या दुकानात काचा पुसायला असायच्या त्या. त्या दिवशी दवाखान्यात गेल्या होत्या म्हणून वाचल्या. काकांची हत्यारं मी आवरत होते, त्या डब्यांवरची धूळ पुसत होत्या, पुसायला काही उरलेलं नसताना. मी विचारलं, आठ नंबरचं पान काकांनी कधी बघितलं होतं का? मोजणी झाल्यावर प्रत्येक मालकाला आपापल्या घराच्या पानाची प्रत गेली होती आणि हरकत घ्यायला महिना होता. म्हणून विचारलं.

“बघितलं म्हणजे! हसून हसून पुरेवाट,” मावशी म्हणाल्या. “मला बोलावून दाखवलं. म्हणाले, ‘मावशी, आमच्या दादानं माझं घर आरशात बघून काढलंय. जिना बघा, पार तिकडे नेऊन ठेवलाय. रात्री लघवीला उठलो की भिंतीवर आपटणार मी.’”

“मग हरकत का नाही घेतली?”

“मीही तेच म्हटलं. जा आणि सांगा कार्यालयात, जिरू दे एकदा त्याची. तर म्हणाले, ‘एक पान खोटं निघालं तर बाकीची कोण खरी मानेल? गल्ली पाडायला टपलेत सगळे. आणि त्याचं नाव जाईल.’ मी म्हटलं, त्यानं तुमची खिडकी बुजवली ती? म्हणाले, ‘खिडकी बुजवली म्हणून मी त्याला बुजवू का?’ आणि तो कागद घडी करून खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली घातला. बरीच वर्षं तिथेच होता. मग खुर्चीच मोडली.”

काकांना पोकळ्यांचं माहीत नव्हतं, बाबा. चुली त्यांच्या जन्माआधीच बुजलेल्या. त्यांना वाटलं, चूक फक्त जिन्याची आहे.

हे लिहायचं की नाही, याचा मी दिवसभर विचार केला.


२४ मार्च

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं आहेत. त्यातली पहिली अडीच गल्लीच्या इतिहासावर आहेत आणि नेहमीसारखीच उत्तम आहेत. दगडी जोत्याबद्दलचा परिच्छेद मी दोनदा वाचला. काकांबद्दल दोन ओळी आहेत. दुसरी तुम्ही खोडली आहे, पण तुम्ही पाठवलेल्या छायाप्रतीत ती वाचता येते. तिच्याबद्दल मी काही विचारणार नाही.

आठ नंबरच्या आत गेला नव्हतात, हे तुम्ही मान्य केलंत. माझ्यापुरतं. पत्रात “आपल्यातच राहू दे” असे शब्द आहेत. ते मला मान्य नाही. का, ते लिहिते.

तुम्ही म्हणता, त्या काळी जोडीच्या घरांची मोजणी सगळे अशीच करायचे. असेल. पण हे घर जळून नव्यानं बांधलं होतं, हे तेव्हा तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या दस्तांतून आगीचा शोध तुम्हीच लावलात. ज्याला माहीत होतं, त्यानंच उलटं गिरवलं.

तुम्ही म्हणता, मिस्त्री सुटेलच, फार तर थोडी शिक्षा होईल, टेकू त्यानं काढलेच होते. थोडी म्हणजे किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वकिलानं मला सांगितलं आहे. बाहेर येईल तेव्हा तो परांचीवर चढायच्या वयाचा नसेल. आणि बहीण त्याच्याशी बोलत असेल की नाही, ते मला माहीत नाही.

तुमचा खरा मुद्दा शेवटच्या पानावर आहे आणि तो खोटा नाही. एक पान रद्द झालं तर बांधकामवाल्यांचे वकील पूर्ण मोजणीवर बोट ठेवतील. संरक्षण गेलं की रस्ता रुंद करायचा जुना बेत कपाटातून बाहेर येईल, आणि तीन वर्षांत इथे तुमच्या पुस्तकातल्या फोटोंशिवाय काही उरणार नाही. तुम्ही विचारता, “एका माणसासाठी एक गल्ली?” मी या गल्लीत राहते, बाबा. तीन नंबर जाईल तेव्हा माझंच घर जाईल, आईची खोली त्यातच आहे. तुम्ही गल्ली वाचवलीत आणि निघून गेलात. आम्ही तिच्यात राहिलो. आई त्याच घरात वारली, तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, आणि दारातल्या कमानीच्या गिलाव्याबद्दल गवंड्याशी बोलत उभे राहिलात. तेव्हापासून मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. कारण विचारलंत म्हणून सांगते.

त्यामुळे गल्ली गेली तर काय जाईल, हे मला समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्या बाजूनंही बघा. आठ नंबरच्या पानावर विश्वास ठेवून त्या घराच्या आसपास अजून दोन कामं मंजूर झालेली आहेत. उरलेला अर्धा भाग आणि त्याला टेकलेली घरं सध्या मी लावलेल्या टेकूंवर आहेत. ते काढले की कोणती भिंत कशावर उभी आहे, हे कुणालाही सांगता येत नाही. समितीत कोणी विचारलं तर मी गल्ली पाडा असं म्हणणार नाही. मी म्हणेन, प्रत्येक घराची पुन्हा मोजणी करा, आत जाऊन, भिंतींना भोकं पाडून. तसा प्रस्ताव मी लिहून दिला आहे आणि ते काम मागितलं आहे. तो मान्य होईलच असं नाही. बहुधा होणार नाही. तुम्हाला आशा दाखवून सही घ्यायची, असं मला करायचं नाही.

दोन्ही गोष्टी होऊ शकतात. मिस्त्री सुटेल आणि गल्ली जाईल. तुम्ही हे गृहीत धरूनच ठरवा.

तुम्ही लिहिलं आहे, “तू दहा वर्षांची होतीस, तुझ्या आठवणीला कोण विचारतो?” बरोबर आहे. ३ एप्रिलला मी समितीपुढे जे बघितलं ते सांगणार आहे, टेबल, ट्रेसिंग, फुटकी पायरी, सगळं. समोरचा वकील मला विचारेल, की बाई, वडिलांशी तुमचं पटत नाही, खरं ना? मी खरं सांगेन, की नाही पटत. आणि माझी साक्ष तिथेच संपेल. पायरीचं ते योगायोग म्हणतील. चुली कुठे होत्या हे भिंतीवरून सिद्ध होतं, पण दोष नकाशाचा नाही, मिस्त्रीच्या कामाचा आहे, असंच ते म्हणतील, कारण नकाशा तुमचा आहे आणि तुमच्या नकाशात चूक असते असं या शहरात आजवर कुणी म्हटलेलं नाही. हे फक्त एक माणूस म्हणू शकतो.

तुमचं नाव जाईल, हे मला दिसतं. तुम्ही तिथे जे शिकवता त्यावरही परिणाम होईल. प्रकृतीचं लिहिलंत ते वाचलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सविस्तर कळवा, ते मी वेगळं विचारते आहे, याच्याशी जोडून नाही.

सोबत निवेदनाचा मसुदा जोडला आहे. पाच ओळींचा आहे. त्यात म्हटलं आहे की आठ नंबरच्या घरात तुम्ही मोजणीसाठी गेला नव्हतात, ते पान सात नंबरच्या पानावरून उलटं गिरवलेलं आहे, आणि आगीनंतर ते घर पुन्हा बांधलं गेल्याचं तुम्हाला तेव्हा माहीत होतं. का गेला नव्हतात, हे त्यात नाही. तेवढं मी घरातच ठेवलं आहे. एखादा शब्द चुकीचा वाटला तर बदला, पण अर्थ बदलू नका. तिथल्या नोटरीसमोर सही करून प्रत ईमेलनं पाठवा, मूळ कागद कुरिअरनं.

सही करणार की नाही, हे ३० मार्चला संध्याकाळी सहापर्यंत मला कळवा. नाही म्हणायचं असेल तरी त्याच वेळेपर्यंत तेवढा एक शब्द लिहून कळवा, म्हणजे वकिलाला आणि मिस्त्रीच्या बहिणीला मी वाट बघायला लावणार नाही.